दुसऱ्या दिवशीचं शून्य

देवळाली कॅम्पात तोफांचा सराव चालू असला की आमचे घरमालक कशाचंही वजन करायचे नाहीत. पहिला बार झाला आणि कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या, की काका हातातलं काम खाली ठेवून ओट्यावर येऊन बसायचे. सराफाचा माणूस काटा घेऊन आलेला असला तरी त्याला म्हणायचे, "बस. आज लष्कर वजन करतंय." सराव संपल्यावरही अर्धा तास जाऊ द्यायचे. जमिनीला निवायला वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, म्हातारा तोफांना भितो. नंतर कळलं, ते कशालाच भीत नव्हते. त्यांना फक्त हलणाऱ्या काट्यावर वाचलेला आकडा आवडत नव्हता.

काका काटे दुरुस्त करायचे. दुकानदाराला, व्यापाऱ्याला दरवर्षी आपल्या काट्यावर सरकारी मुद्रा मारून घ्यावी लागते, त्याआधी तो काटा यांच्या हाताखालून जायचा. देवळा गावच्या कांदा मार्केटातला ट्रॅक्टरसकट माल मोजणारा भुईकाटा असो, नाहीतर सराफाचा फुंकर मारली तरी हलणारा, काकांनी सगळे उघडून पाहिलेले. मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आले तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते, काम बरंचसं संपलं होतं. पण पुढच्या खोलीत काटे तसेच मांडलेले होते, आणि काकांना रोज काहीतरी तोलल्याशिवाय चहा गोड लागत नव्हता.

एक बटाटा त्यांनी खिडकीत ठेवला होता. रोज सकाळी त्याचं वजन करून कॅलेंडरवर लिहायचे. बटाटा सुकताना पहिल्या आठवड्यात जास्त हलका होतो की दुसऱ्या, हे त्यांना पाहायचं होतं. कशासाठी, ते मी विचारलं होतं.

"माहीत नाय म्हणून," ते म्हणाले.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. काट्यांच्या कामात गिऱ्हाईक गावावरूनच लक्षात राहतं म्हणे. ते स्वतः सायखेड्याचे, पण त्यांना सायखेडा म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. मी भंडारा जिल्ह्यातली, म्हणून मी 'भंडारा'.

"भंडारा, ही भाकरी भाजायच्या आधी दोनशे दहा ग्रॅम होती. आता एकशे ऐंशी. पाणी गेलं कुढं?"

"उडालं, काका. तव्यावर."

"उडालं ते मला दिसतंय. वरच्या बाजूनं जास्त उडालं का खालच्या?"

आता याला मी काय सांगणार. मी आठवीतून शाळा सोडलेली. घरी बाबाचं दुखणं होतं, शेतावर हात कमी होते, मग गेली ती गेली. पुढं लग्न झालं, ते टिकलं नाही. त्याची गोष्ट इथं नको. ओळखीच्या एका बाईनं कॅम्पातल्या खानावळीत भाकऱ्या करायचं काम लावून दिलं आणि मी गाव सोडून महाराष्ट्राच्या या टोकाला आले. मला आयुष्यात कोणी इतके प्रश्न विचारले नव्हते. सुरुवातीला घाबरायचे. वाटायचं, उत्तर चुकलं तर खोली खाली करायला सांगतील.

माझा आजार काकांनीच पहिल्यांदा पाहिला, आणि तोही आजार म्हणून नाही. अंगणात कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या होत्या, एक वर, एक खाली. मी कधीतरी वरची दोरी सोडली आणि सगळं खालच्या दोरीवर टाकायला लागले. मला स्वतःला ते कळलं नव्हतं. हात वर जाईनासे झाले होते, पण मी म्हणत होते, पीठ मळून मळून दुखतात. एक दिवस काका टेप घेऊन दोरी मोजताना दिसले.

"काय झालं, काका?"

"वरची दोरी वर सरकली का ते बघतोय. तू तिला हात लावत नाय आजकाल." टेप गुंडाळून ते म्हणाले, "दोरी जागेवरच हाय. हात वर कर बरं."

मी केले. खांद्यापर्यंत आले आणि थांबले.

"दुखतंय?"

"दुखत नाही. जात नाही."

त्यांना त्या दोन वाक्यांतला फरक फार आवडला. चिंता वाटायच्या आधी त्यांना कुतूहल वाटलं, हे मला तेव्हा लागलं होतं. आता वाटतं, दोन्ही कामं त्यांच्या एकाच डोळ्यानं चालायची. त्याच आठवड्यात ते मला नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

तपासण्यांना महिना गेला. तोवर मला खाली बसलं की उठता येत नव्हतं, वेणी घालता येत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या शरीरात रोगाशी लढणारी जी शक्ती असते ती चुकून तुमच्याच स्नायूंवर उलटली आहे. हा आजार बरा होऊन जात नाही, पण त्याला आवरता येतं. स्टेरॉईडची गोळी सुरू करू. मला रडू आलं. काकांनी खिशातून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहून आणले होते.

"हिचं गाव भंडारा," ते डॉक्टरांना म्हणाले. "तुमचं?"

"पुणे," डॉक्टर गोंधळून म्हणाले.

"बरं, पुणे, ही गोळी माणसाला जाड करती म्हणत्यात. गोळी जाड करती का भूक जाड करती?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि का कोण जाणे, नीट उत्तर दिलं. "दोन्ही. भूक वाढते, अंग पाणी धरतं, चेहऱ्यावर, पोटावर चरबी येते. जास्त दिवस घेतली तर स्नायूही थोडे कमजोर करते."

"म्हणजे ज्याच्यासाठी देताय तेच खाती?"

"आजार त्याहून जास्त खातो, काका. म्हणून आधी गोळी द्यायची आणि मग हळूहळू कमी करायची. कमी मी करणार. पेशंटनं मनानं कमी करायची नाही, आणि बंद तर मुळीच नाही. एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं."

काकांनी पानावर लिहिलं: कमी करणार पुणे.

तिथंच व्यायाम शिकवणाऱ्या एक ताई होत्या, त्या कळवणच्या. पूर्वी अशा आजारात लोक नुसतं झोपून राहायचे, त्यानं स्नायू आणखी जातात, असं त्या म्हणाल्या. रक्ताच्या तपासणीतला आजाराचा आकडा चढलेला असेल तेव्हा नुसते सांधे हलवायचे, तो उतरायला लागला की खुर्चीवरून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. मध्ये थांबायचं. सपाट रस्त्यावर, बोलता येईल एवढ्या वेगानं चालायचं. त्यांनी कागदावर चित्रं काढून दिली होती.

दोन महिन्यांनी रक्त सुधारलं आणि खुर्ची सुरू झाली. काकांनी मला बसवलं आणि मोजायला लागले. पाच झाले. मला बरं वाटत होतं. काका म्हणाले, "पाचानं काय होतंय? जमतंय तर कर." आम्ही वीस केले. दोघंही खूश. काकांनी कॅलेंडरवर बटाट्याच्या शेजारी वीस लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी अंथरुणातून उठू शकले नाही. मांड्यांत जणू ओलं पीठ भरलं होतं. मागच्या नळाचा आवाज आला नाही म्हणून काका दाराशी आले, आणि मी पडल्यापडल्या हसायचा प्रयत्न केला ते पाहून परत गेले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले. तिसऱ्या दिवशी ते स्वतः कळवणच्या ताईंसमोर माझ्याबरोबर येऊन बसले आणि म्हणाले, "हिची चूक नाय. वीस मी मोजले."

ताई वयानं त्यांच्या नातीएवढ्या. पण त्यांनी सोडलं नाही. "काका, तुम्ही सोन्याच्या काट्यावर कांद्याची गोणी टाकता का?"

"नाय."

"का नाही?"

"लोड काढल्यावर काटा शून्यावर येत नाय मग," ते म्हणाले.

येताना बसमध्ये ते एकटेच बोलत होते. मी खिडकीशी, ते माझ्या बाजूला, आणि बोलणं समोरच्या सीटशी. "काटा तपासताना आपण काय बघतो? वजन ठेवल्यावरचा आकडा तर कोणीबी बघंल. वजन उचलल्यावर काटा शून्यावर येतो का, ते बघायचं. पन्नास वर्षं तेच केलं. आणि हिला मात्र नुसतं चढवत बसलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भंडारा, तुझं शून्य दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. त्याच दिवशी नाय."

तेव्हापासून आमचा नियम ठरला. सकाळी तीन गोष्टी: हात न लावता खुर्चीवरून उठायचं, फणी खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवायची, ओट्याची एक पायरी चढायची. कालच्याइतकं जमलं तर शून्य. नाही जमलं तर काल लोड जास्त झाला, आज कमी करायचं. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बरोबर आहे, असंच लिहा. काका ओट्यावरून रोज एकच शब्द ओरडायचे, "शून्य?" आणि मी आतून "शून्य" म्हणायचे. शेजारच्या बायकांना वाटायचं, आमच्यात क्रिकेटचं काही चालू आहे.

आजार आवरला, पण तोवर मी फुगले होते. चेहरा इतका गोल झाला की खानावळीत जेवायला येणारी पोरं मला ओळखेनात. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. भूक अशी की भाकऱ्या करता करता दोन संपायच्या. त्यात धाकट्या भावाचं लग्न ठरलं, चार महिन्यांवर. मी फोटो पाठवला, तर आईचा फोन आला.

"तोंड केवढं झालं वं तुहं? लोकं म्हणतीन, नाशिकले जाऊन काय खाऊन राहिली."

आईनं वाईट म्हणून म्हटलं नव्हतं. पण मी आधीच नवरा सोडून आलेली. मांडवात कोण कोण काय म्हणेल याची सगळी वाक्यं मला पाठ होती. आणि खरी भीती तर वेगळीच होती. आमच्याकडे पंगत खालीच बसते. सगळ्यांसमोर मला उठता आलं नाही तर दोन बायका बगलेत हात घालून उठवणार, आणि आई ते बघणार. गावी जायचं तर स्वतःच्या पायावर उठणारी म्हणून जायचं होतं. मी डोक्यात घेतलं की वजनामुळंच उठता येत नाही. वजन गेलं की सगळं जाईल.

मग मी तीन गोष्टी केल्या आणि कोणाला सांगितल्या नाहीत. एकच वेळ जेवायला लागले. पहाटे खंडोबाच्या टेकडीच्या पायऱ्या धापा टाकत चढायला लागले. आणि गोळी अर्धी केली, कारण जाड ती करते असं डॉक्टरांनीच तर सांगितलं होतं. बाकीचं जे सांगितलं होतं ते मी विसरले नव्हते. बाजूला ठेवलं होतं.

काकांना खानावळीत सकाळची पाळी लागली म्हणून सांगितलं. ते ओट्यावरून विचारायचे, "शून्य?" मी चप्पल घालता घालता म्हणायचे, "शून्य." खुर्ची नाही, फणी नाही, नुसता शब्द. ते लिहून ठेवायचे.

महिन्यात पाच किलो गेलं. मेडिकलच्या दुकानातल्या काट्यावर मी तीनदा चढून पाहिलं. पेढे घेतले आणि आधी काकांकडे गेले.

"काका, पाच किलो कमी झालं."

"कुठल्या काट्यावर?"

मला हसू आलं. त्यांनी आपला काटा ओढला, आधी शून्य पाहिलं, मला उभं केलं, आकडा थांबेपर्यंत बोटानं गप्प राहायची खूण केली. "खरं हाय. पाच गेलं." मी पेढा पुढं केला. त्यांनी घेतला नाही. कोपऱ्यातला लाकडी पाट आणून जमिनीवर ठेवला, त्याच्याजवळ एक खुर्ची ठेवली. "बस याच्यावर. आता ऊठ."

मी बसले. उठायला गेले. मांड्या थरथरल्या आणि मी होते तिथंच राहिले. पुन्हा केलं. मग खुर्चीला धरूनही पाहिलं. पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवर होता.

काका समोर जमिनीवर बसले, माझ्याच उंचीला. आवाज अगदी शांत, बटाट्याबद्दल बोलावं तसा. "देवळ्याला ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतो. भरलेला मोजत्यात. मग कांदा खाली करून रिकामा मोजत्यात. तेव्हा कुढं कळतं, कांदा किती नि लोखंड किती. तुझं रिकामं वजन कोणाला माहीत हाय? काटा म्हणतो, पाच गेलं. कोणाचं गेलं ते त्याला कोणी विचारलं नाय. चरबी गेली का पाणी गेलं, का मांस गेलं?"

मी पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"महिनाभर शून्य म्हणत होतीस."

"हो."

"गोळी?"

"अर्धी करून राहिली होती."

"कमी कोण करणार होतं?"

"पुणे," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला, मला काखेत धरून उठवलं आणि म्हणाले, "चप्पल घाल. आत्ताची बस हाय."

रक्तातला आकडा पुन्हा वर गेला होता. दवाखान्यात राहावं लागलं, गोळी वाढली. डॉक्टरांनी सांगितलं की मी पोटाला न देता चढत होते, तेव्हा शरीरानं आधीच लंगडा झालेला स्नायूच जाळला. आणि गोळी कमी झाल्यावर आजारानं उरलेलं खाल्लं. घशापर्यंत किंवा श्वासापर्यंत गेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. काका माझ्या खाटेशी बसून हे सगळं कॅलेंडरच्या पानावर उतरवत होते. मी म्हटलं, त्या महिन्यातली माझी शून्यं खोडून टाका. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. घरी आल्यावर मी पाहिलं, प्रत्येक खोट्या शून्यापुढे त्यांनी छोटं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"खोडायचं नाय," ते म्हणाले. "त्याच्यावर मुद्रा मारायची नाय, एवढंच."

लग्नाला तीन महिने उरले होते. आम्ही पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. जेवणाचं कळवणच्या ताईंनी आहाराच्या बाईंना विचारून लिहून दिलं: दोन्ही वेळ जेवायचं, ताटात डाळ, मूग, अंडं किंवा दही असलंच पाहिजे, मीठ कमी, पापड-लोणचं बंद, भाकरी एक. खानावळीत चव घेताना मी चमचाभर घेत नसून वाटीभर घेते, हे काकांनी शोधून काढलं. कसं, तर माझ्याकडून वाटी मागवून घेतली आणि वजन केलं. वजन महिन्याला जेमतेम किलोभर उतरायचं, एखाद्या महिन्यात तेवढंही नाही. मी तोंड पाडलं की काका म्हणायचे, "पाटावरून उठलीस ना? मग काटा गप्प बसला तरी चालंल." पाटाचाही हिशेब त्यांचा. आधी खुर्चीवर दोन उशा, मग एक, मग नुसती खुर्ची, मग बुटकं स्टूल. पाट शेवटी.

हातांसाठी ताईंनी अगदी हलकं वजन सांगितलं होतं, पाण्याची लहान बाटली चालेल म्हणाल्या. काकांना ते पटेना. "बाटलीत किती पाणी, कोण बघतंय?" त्यांच्याकडे मखमलीच्या पेटीत पितळेची मापं होती, तपासणीची. त्यांना ते कधी उघड्या हातानं शिवत नसत. बोटांचा घाम लागून वर्षानुवर्षं मापाचं वजन बदलत जातं, म्हणून पांढऱ्या फडक्यानं उचलायचे. त्यातलं दोनशे ग्रॅमचं माप त्यांनी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मी हात उचलला, फडकं सरकलं, माझी पकड ढिली होती, माप फरशीवर पडलं. त्या आवाजानं माझा जीव गेला. मला वाटलं, आता संपलं. काकांनी वाकून माप उचललं, उघड्या हातानं. त्याच्या कडेला बारीक टवका गेला होता. ते त्यांनी अंगठ्यानं चाचपलं आणि फडकं बाजूला ठेवून माप तसंच माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुमचं माप बिघडंल, काका. घाम लागतो म्हणता."

"लागू दे." मग त्यांचा चेहरा बदलला, ते कुतूहल आलं. "घामानं वाढंल का घासून कमी होईल, सांग बरं?"

"मला कसं माहीत?"

"मला बी नाय. तू वापर. पाच वर्षांनी बघू."

त्यांनी स्वतःचं वजन मात्र कधी केलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी काट्यावर चढलो तर काटा बघणार कोण?" दुसऱ्या कोणाला बघू देतील असा त्यांचा स्वभाव नव्हता. काका गेले त्याला आता दीड वर्ष होतंय. त्यांची मुलगी सुरतहून आली होती, तिनं काटे एका व्यापाऱ्याला दिले, मला बोलावलं आणि ते टवका गेलेलं माप माझ्या हातात ठेवलं. पेटीत त्याच्या जागेवर चिठ्ठी होती म्हणे: भंडाराकडे आहे. खरं तर ते माझ्या खोलीत नव्हतं; हातांचा व्यायाम मी पुढच्या खोलीतच करायचे, म्हणून ते पेटीशेजारीच पडलेलं असायचं. पण काकांच्या लेखी ते माझ्याकडेच होतं.

माप मी रोज वापरते. पाच वर्षं झालेली नाहीत. अजून तोललं नाही.

लग्नाचं सांगायचं राहिलं. गाडीत मी दोन जागा बदलून खिडकीशी बसले, दर तासाला उठून दारापर्यंत चालून आले, तसं ठरवलंच होतं. चेहरा अजून गोलच होता. मांडवात पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तीन बायकांनी ते सांगितलं. एकीनं गालाला हात लावून पाहिला, भोपळा पाहावा तसा. मला जे जे पाठ होतं ते सगळं कोणी ना कोणी म्हटलंच, आणि मी उभीच होते.

पंगत बसली. आई माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली, मी नको म्हटलं. भात वाढला, वरण वाढलं, मी हळू जेवले, मनात एकच. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका उठल्या. समोरची ओळ उठली. आई वाढप्यांच्या घोळक्यातून माझ्याकडेच बघत होती, हात पुढं करायच्या तयारीत. मी घाई केली नाही. आकडा थांबेपर्यंत काका बोटानं गप्प बसवायचे तसं स्वतःला गप्प केलं. मग एक गुडघा टेकवला, दुसरा पाय पुढं घेतला, पुढच्या मांडीवर हात रोवला, ताईंनी शिकवलेलं तसं, आणि उठले. आईचा हात तसाच हवेत राहिला. तिनं तो पदराला पुसला.

मी मांडवामागं जाऊन काकांना फोन लावला.

"काका, उठली. पंगतीतून. कोणी धरलं नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आज कशाला सांगती? उद्या सांग." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी घरात सगळे लग्नाच्या शिणानं पसरले होते. मी ओसरीवर खालीच झोपले होते, पाहुण्यांच्या रांगेत. डोळे उघडले आणि आधी भीती आली, तीच जुनी, ओल्या पिठाची. मांड्या चाचपल्या. गुडघा टेकवला. उठले. घरात फणी होती ती घेऊन दाराच्या चौकटीवर ठेवली. ओट्याची पायरी उतरले, चढले. कोंबडा ओरडत होता आणि माझे पाय माझेच होते.

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. मी काही बोलायच्या आत काकांनी विचारलं, "शून्य?"

"शून्य, काका."

"लिहितो," ते म्हणाले, आणि मला पलीकडून कॅलेंडरचं पान वाजलेलं ऐकू आलं.